तळ्याच्या पोटातलं मैदान

उदगीर सोडलं तेव्हा गाडीच्या डिकीत दोन पिशव्या होत्या. एकीत माझ्या दोन साड्या, यांचे कपडे, बीपीच्या गोळ्या आणि वाटेत खायला धपाटे. दुसरी लांबुळकी, जुन्या चादरीत गुंडाळलेली, आत लोखंडी काठ्या. खड्डा आला की ती पिशवी खणखणायची आणि हे दचकून मागं वळून बघायचे. मुलं लहान होती तेव्हा हे घरी नव्हते, नाहीतर असं वळून बघायची सवय यांना तेव्हाच लागली असती.

हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त नायब सुभेदार. फौजेत असताना एका छावणीत साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानाची देखभाल यांच्याकडे आली आणि गवत राखता राखता तो खेळ यांच्या अंगात शिरला. फौज सुटली, तर पुण्यात तशाच एका मैदानावर सुपरवायझर म्हणून लागले. मी इकडे उदगीरला शाळेत शिक्षिका. मुलं, सासू-सासरे, घर सगळं माझ्याकडे. फौजेतली यांची रजा वर्षातून दोन महिने, पुण्याहून येणं तर त्याहून कमी. बाकीचे महिने मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. गेल्या दिवाळीला हे कायमचे घरी आले. मला वाटलं, आता वाट बघणं संपलं.

पण माणूस घरी आला म्हणजे त्याचं मनही आलं असं नसतं. यांनी गच्चीवरच्या धुण्याच्या तारेवर एक जुनी गोधडी टांगली आणि रोज सकाळी तिच्यावर चेंडू मारायला सुरुवात केली. ढप्प. ढप्प. शेजारच्या बाई मला विचारायच्या, एवढ्या गाद्या झोडपताय, ढेकूण झालेत का? गोधडीवर मारलेला चेंडू कुठं जात नाही, पायाशीच पडतो. हे तो उचलायचे आणि कठड्याशी उभे राहून स्टेशनच्या दिशेला बघत राहायचे. ते बघणं मला ओळखीचं होतं. यांची रजा जवळ आली की मीही त्याच कठड्याशी उभी राहून त्याच दिशेला बघायची.

संक्रांतीनंतर यांनी विषय काढला. घर विकू, पुण्याला मुलाच्या जवळ लहानसा फ्लॅट घेऊ. तिथल्या मैदानावर जुन्या नोकरमाणसांना सकाळी खेळू देतात. मार्च उजाडेपर्यंत गिऱ्हाईकसुद्धा बघून झालं, रविवारी ते घर बघायला येणार होतं. आता हे घर मी उभं केलेलं. पाया खणला तेव्हा हे राजस्थानात, स्लॅब पडली तेव्हा काश्मिरात. दारातले पेरू, रविवारचं बुद्धविहार, शाळेतल्या मैत्रिणी, माझं जे काही आहे ते इथं आहे. मी भांडले असते, आणि मी चांगली भांडते. पण कठड्याजवळची ती पाठ आठवली आणि मी भांडण सोडून दिलं. मग मीच म्हटलं, "रविवारपर्यंत मला वेळ द्या. इथं जवळपास, आपल्या पेन्शनीत बसेल असं मैदान शोधू. सापडलं तर घर राहील. नाही सापडलं तर एक शब्द न बोलता मी सामान बांधीन."

हे हसले. मराठवाड्यात प्यायला पाणी नाही, गवताला कोण घालणार, असं काहीसं पुटपुटले. पण गाडीची चावी त्यांनीच खिशात टाकली.

गुरुवारी सकाळी निघालो. शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा असा नांदेडचा रस्ता. हरभरा निघालेला, करडई काट्यासकट वाळून उभी, माळावर पळस पेटलेला. हिरवं म्हणावं असं फक्त उसाचे तुकडे. हे गाडी चालवताना प्रत्येक मोकळ्या जागेकडे मान वळवत होते आणि ती मान पुन्हा सरळ होत होती. सोयरीक बघायला निघालेल्या बापासारखं त्यांचं चाललेलं, आणि मला एकीकडे हसू येत होतं, एकीकडे मी रविवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

नांदेडच्या अलीकडे एक ठिकाण मुलानं फोनवरच्या नकाशात शोधून दिलं होतं. नावातच गोल्फ होतं. कमान मोठी, कमानीवर टोपीवाला गोरा माणूस काठी उगारून उभा. हे गाडीतून उतरले ते पिशवी घेऊनच. आत गेलो तर चुन्याच्या रेषा मारलेले प्लॉट, मधून मुरमाचे रस्ते आणि कोपऱ्यात एक पत्र्याचं ऑफिस. तिथला टाय घातलेला माणूस मोठा अदबशीर. खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. मैदान कुठं आहे म्हणून विचारल्यावर त्यानं आधी आमच्याकडे, मग पिशवीकडे बघितलं.

"साहेब, ते नाव हाय," तो म्हणाला. "नावाला लोक येतात. खेळायला आजवर कुणी आलं न्हाई, तुमीच पहिले."

हे एका प्लॉटवर उकिडवे बसले, अंगठ्यानं माती दाबून बघितली आणि हात झटकत उठले. चहा मात्र चांगला होता.

नांदेडात मुक्काम पाशाभाईंकडे. पाशाभाई यांच्या पलटणीतले, निवृत्त हवालदार. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बसलो तेव्हा आम्ही कशाला आलोय ते ऐकून ते इतके हसले की शेजारचे लोक बघायला लागले. "सुभेदार साब, ह्या शहरात चालायला फुटपाथ मिळंना झालाय, अन् तुमी गोल्फ ढुंडायला आले," असं म्हणून यांच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभींनी खिचडी-खट्टा (मसुराची खिचडी आणि चिंच-तिळाचं आंबट पातळ सार) वाढला. हे अंघोळीला गेलेले बघून पाशाभाईंनी मला छावणीतल्या गोष्टी सांगितल्या. साहेबलोक उठायच्या आधी हे दोघं मैदानावर जायचे. बूट काढून दवावरून चालत जायचे, गवत कुठं मेलंय कुठं वाढलंय ते बघत. मग हे एकच चेंडू मारायचे, आणि दोघं तो शोधत पार टोकापर्यंत.

"भाभी," पाशाभाई म्हणाले, "तिकडं घरची याद आली की आमी असंच चालून राहायचो. याद कमी व्हायची."

मी खट्ट्याची वाटी हातात धरून बसले. म्हणजे ज्या सकाळी मी इकडे कठड्याशी उभी असायची, त्या सकाळी हे तिकडे दवावरून चालत होते. इतक्या वर्षांत एका पत्रात किंवा फोनमध्ये यांनी हे लिहिलं-बोललं नव्हतं. मला राग आला आणि यांना आत्ताच्या आत्ता भेटावंसंही वाटलं. हे तर शेजारच्या मोरीत अंगावर पाणी ओतत होते.

लातूरकडे निघालो. चाकूरला चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या एका आजोबांनी मागच्या काचेतून ती लांबुळकी पिशवी बघितली आणि काय आहे ते विचारलं. यांनी समजावून सांगितलं: बारीक चेंडू, लांबवर एक भोक, कमीत कमी टोल्यांत चेंडू भोकात घालायचा.

"एका बाजूला किती गडी?" आजोबांनी विचारलं.

"एकटाही खेळतो माणूस."

"एकटाच खेळतो? मंग हारतो कोन?"

कप खाली ठेवत हे म्हणाले, "त्योच." आजोबांना ते पटलेलं दिसलं नाही. त्यांनी आमच्या चहाचे पैसे मात्र देऊ दिले नाहीत, पाहुणे म्हणून.

लातुरात मावसबहिणीच्या जावयानं एक टर्फ सुचवलं होतं. तिकडे गेलो. चारी बाजूंनी आणि वरून जाळी, खाली हिरवंगार, तासावर भाडं. क्लासची पोरं संध्याकाळी येतात, सकाळी मोकळंच असतं, त्यामुळे सांभाळणारा माणूस फार उत्साहात होता. "काका, रोज या की. जाळीत मारा तुमचं काय ते. तुमच्या वयाच्या माणसाला कमी करतो भाडं," असं तो मनापासून सांगत होता. पैशाच्या दृष्टीनं ते आमच्या आवाक्यातलं होतं, घरापासून नांदेडइतकं लांबही नव्हतं, आणि मला आशा वाटायला लागली. मी यांच्याकडे बघितलं. यांनी वाकून त्या हिरव्यावर तळहात ठेवला. दुपारची वेळ, प्लॅस्टिकचं गवत तापून तव्यासारखं झालेलं.

"ह्याच्यावर दव पडत नाही," हे मला हळूच म्हणाले.

पाशाभाईंनी मला काय सांगितलं ते यांना माहीत नव्हतं. मी "चला" एवढंच म्हटलं. जाळीतच मारायचं तर आमची गोधडी काय वाईट होती?

त्या रात्री मावसबहिणीकडे जेवताना डोळ्यांसमोर माझी भांडी येत होती. तांब्याचा हंडा न्यायचा की द्यायचा, पाटा-वरवंटा फ्लॅटमध्ये कुठं ठेवायचा. मी शब्द दिला होता आणि तो मोडण्यातली मी नाही. पण पेरूच्या झाडांचं काय करतात लोक घर विकताना, हे मला कुणी कधी सांगितलेलं नाही. मला रडू आलं आणि मी ते कांद्यावर ढकललं, जरी स्वयंपाक होऊन गेलेला होता.

शनिवारी परतीची वाट. वाटेत शिरूर अनंतपाळ तालुक्यात माझं माहेर लागतं. धाकटा भाऊ भास्कर शेती करतो. त्यानं फोन करून ठेवलेला, अक्का, जेवल्याबिगर जायचं न्हाई. भावजयीनं येसराची आमटी (भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसाल्याची, झणझणीत), ज्वारीच्या भाकरी आणि कांदा असं वाढलं. जेवताना भास्करनं दाजींना, म्हणजे यांना, मैदान मिळालं का विचारलं. यांनी नुसती मान हलवली आणि भाकरीचा तुकडा मोडला. मी आमटीत बघत राहिले.

ऊन कलल्यावर भास्करला तळ्याकडे जायचं होतं. धनगर आले होते, आणि रानात मेंढ्या बसवायच्या (खतासाठी रात्री कळप शेतात मुक्कामाला ठेवायचा) म्हणून त्याला पाळी ठरवायची होती. पाय मोकळे करायला आम्हीही निघालो. तळ्याच्या बांधावर चढलो आणि हे एकदम थांबले. इतके अचानक की मागून येणारी मी यांच्यावर आदळले.

हे तळं मी जन्मल्यापासून बघतेय. दिवाळीनंतर पाणी ओसरायला लागतं, आणि जसजसं ते मागं हटतं तसतशी उघड्या पडलेल्या गाळावर हरळी येते. गुरं-मेंढरं ती रोज चरतात, त्यामुळे तिची वीतभरही वाढ होत नाही. काठाकाठानं लोकांची गाळपेर असते (ओसरलेल्या तळ्याच्या गाळात घेतलेलं पीक), खरबुजं, काकड्या. पण मधला सगळा उतार, पार पाण्यापर्यंत, नुसता बारीक हिरवा. लहानपणी आम्ही तिथं धुणं वाळत घालायचो. माझ्या डोळ्यांना ते तळं दिसत होतं, नाहीतर मेंढरं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी नांदेडावरून घालून आले होते.

यांनी बूट काढले. मोजे काढून बुटात घातले. अनवाणी उतरून खाली गेले, थोडं चालले, थांबले, पायाचा अंगठा गवतात रुतवून बघितला. मग वळून आले ते थेट गाडीकडे. येताना खांद्यावर ती पिशवी.

भास्कर लांब धनगरांशी बोलत होता. यांनी एक वाळकी काटकी रोवून तिला आपला पांढरा रुमाल बांधला. मग काठी डोळ्यांसमोर सरळ धरून एक डोळा मिटला, खाली बसून उतार न्याहाळला, ढांगा टाकत रुमालापर्यंत गेले, ढांगा टाकत परत आले. खरबुजाच्या गाळपेरीतून दोन माणसं धोतरं सावरत पळत येताना मला दिसली, आणि काय झालंय ते यांच्या आधी मला कळलं.

पुढचे व्यंकटमामा होते, आमच्या शेजारचे. मला ओळखलं नाही, त्यांचं लक्ष झेंड्याकडे.

"साहेब, कशाची मोजणी करायलाव?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "उंची वाढविणार हाव का तळ्याची? खरबुजं भरून राहिलीत, तेवढी निघूस्तर तरी थांबा."

"मी मोजणीचा नाही," हे म्हणाले.

"मंग झेंडा?"

"मी खेळतोय."

व्यंकटमामांनी दुसऱ्या माणसाकडे बघितलं. मोजणी असती तर त्यांना एकवेळ समजली असती. पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस अनवाणी पायांनी तळ्यात खेळतोय, हे दोघांच्याही डोक्यात बसेना. मी पुढं झाले, पदर सारखा करून म्हटलं, "मामा, मी कमल. हे आमचे हे."

मग सगळा उलगडा झाला. हसणं झालं, यांची खुशाली झाली, फौजेची चौकशी झाली. मामा म्हणाले, बघू तर काय असतं. यांनी एक चेंडू गवतावर ठेवला, पाय रोवले, आणि काठी मागं गेली. मी आजवर ढप्पच ऐकलं होतं. हा आवाज निराळाच होता, खटकन, कोरडा. चेंडू वर गेला. किती वर गेला ते मला सांगता येणार नाही, उन्हात तो दिसेनासा झाला आणि आम्ही चौघंही माना मागं टाकून आभाळात बघत राहिलो. मग लांब, पाण्याच्या अलीकडे, एक बगळा उडाला. तिथं तो पडला असणार.

हे चेंडूच्या मागं चालायला लागले. मी बघत होते. एवढ्या महिन्यांत यांचा चेंडू पहिल्यांदाच कुठंतरी गेला होता.

मामांनीही काठी मागून घेतली. त्यांनी मातीचं ढेकूळ उडवलं आणि स्वतः बसकण मारली. उठल्यावर धोतर झटकत म्हणाले, "खेळा की. तळं काय माज्या बापाचं हाय? खरबुजात तेवढं मारू नका. अन् मिरगापस्तोर खेळा. मिरगात पानी आलं, की तळ्याचं ते तळ्याला."

परत निघालो तेव्हा डिकीत मामांची दोन खरबुजं होती. घर तासाभराच्या आतलं अंतर. मैदान म्हणून हे धरायचं की नाही, ते त्यांनी ठरवायचं होतं. उदगीरचे दिवे दिसायला लागले तेव्हा हे म्हणाले, "जूनमध्ये ते पाण्याखाली जाणार, कमल. पुन्हा एवढं उघडं पडायला माघ-फाल्गुन उजाडणार, तोवर काय करायचं? वर्षातले तीन-चार महिने मिळतील. एवढ्याशावर कुणाचं भागतं का?"

मी आयुष्यभर जे बोलले नव्हते ते मग बोलले. आवाज चढवला नाही, चढवायची गरजही नव्हती.

"अहो, मी दोन महिन्यांवर संसार केला. तुम्हाला चार मिळताहेत."

यांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही. मग माझ्याकडे न बघता माझ्या हातावर हात ठेवला. हाताला तळ्याच्या गाळाचा वास येत होता. थोड्या वेळानं आम्ही घरी आलो.

रविवारी गिऱ्हाईक आलं. यांनी त्यांना बसवलं, खरबूज कापून दिलं, आणि घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. ते लोक बिचारे लांबून आलेले, जरा नाराज झाले, पण खरबूज संपवून गेले. गच्चीवरची गोधडी मी त्याच दिवशी उतरवली आणि धुऊन टाकली.

मग मृगापर्यंत आम्ही आठवड्यातून दोनदा-तीनदा अंधार असतानाच निघायचो. भास्करच्या खुरप्यानं यांनी तीन भोकं केली आणि आत दुधाचे रिकामे डबे बसवले. मेंढरं गवत राखायची, धनगरणी चेंडू शोधून द्यायच्या. जून जवळ आला, सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसला, आणि हेही बसले. पण ढग दिसला की बाकीच्यांचे चेहरे खुलायचे आणि आमच्या घरात एक माणूस चोरट्यासारखा दुसरीकडे बघायचा. मी त्यांना त्यावरून फार छळलं.

आता भाद्रपद चालू आहे. औंदा पाऊस बरा झाला, तळं सांडव्यापर्यंत भरलं. गच्चीवरच्या तारेवर पुन्हा फक्त धुणं असतं. गोधडी परत टांगू का, म्हणून मी विचारलं होतं, हे नको म्हणाले. रविवारी विहारातून आलो की डबा बांधून आम्ही माहेरी जातो आणि बांधावर जाऊन बसतो. हे पाण्याकडे बोट करून सांगतात, पहिलं भोक तिथं, दुसरं त्या पाण्यातून वर आलेल्या लाकडाच्या अलीकडे. मला नुसतं पाणी दिसतं, पण मी हो म्हणते. मागच्या रविवारी यांनी काठावर एक दगड ठेवला, पाणी किती मागं हटतं ते कळावं म्हणून. अजून ते हटलेलं नाही.

इतकी वर्षं मी वाट बघत होते, पण एकटीनं. आता आम्ही दोघं शेजारी बसून बघतो.